उतारा मोजणारी माणसे: माजलगाव परिसरातील गुणवत्ता तपासणी आणि तिचे शिक्षण

माजलगाव परिसरात मालाची प्रत ठरवण्याचे काम शिकलेल्या, पगारी माणसाच्या हाती आले त्याला फार काळ लोटलेला नाही. कापूस, धरण, साखर आणि शहरातल्या कारखान्यांचे सुटे भाग अशा टप्प्यांनी ते आले. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता: मोजमाप करणारा माणूस शिकणार कुठे आणि त्या शिक्षणाचा खर्च सोसणार कोण? ज्याला उपकरण वाचता येते त्याच्या आकड्यावर शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाचा भाव ठरतो. त्यामुळे तपासणीच्या कामाचा इतिहास आणि परवडणाऱ्या शिक्षणाचा इतिहास इथे एकत्रच सांगावे लागतात.

बीड जिल्ह्यातले माजलगाव सिंदफणा नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे तालुक्यातल्याच मंजरथ येथे गोदावरीला मिळते. जमीन काळी, खोल आणि ओल धरणारी, म्हणजे कापसाची. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातला देशी कापूस बाजारात ‘हैदराबाद गावरानी’ या नावाने ओळखला जाई. १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग पुरा झाला आणि गोदावरीपलीकडची सेलू, मानवत ही गावे कापसाच्या पेठा म्हणून वाढली. माजलगावला रेल्वे नव्हती. इकडचा माल बैलगाडीने पेठेत न्यावा लागे, आणि गाडी एकदा पेठेत उभी राहिली की भाव पटला नाही म्हणून ती परत आणणे शेतकऱ्याला परवडत नसे.

त्या काळी कापसाची परीक्षा हाताने होई. व्यापारी किंवा त्याचा पारखी गाडीत खोलवर हात घालून कापूस उपसायचा, मूठभर रुई दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा आणि उरलेल्या झुपक्यावरून धाग्याची लांबी सांगायचा. ओलावा पाहण्यासाठी सरकी दाताखाली फोडली जाई: कट्‌ असा आवाज आला तर माल वाळलेला, दबली तर ओला. भाव ठरे तो हत्ता पद्धतीने, रुमालाखाली बोटे धरून. पारख्याची नजर बहुधा अचूक असे, हे मान्य करायला हवे. अडचण होती ती ही की त्याचे ज्ञान त्याच्या घरातच राही. ते मुलाला, पुतण्याला, फार तर दुकानातल्या विश्वासू गुमास्त्याला मिळे. ते शिकायला पैसे पडत नसत, पण शिकण्याचे दार शेतकऱ्याच्या मुलाला बंद होते.

कापसातली भेसळ ही सरकारी चिंता त्याहून जुनी. मुंबई इलाख्यात कापसातील लबाडी रोखण्यासाठी १८२९ साली एक रेग्युलेशन झाले आणि १८६३ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आलेला असताना, नवा कायदा झाला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा १९३० साली आला. वजनमाप, अडत आणि लिलाव यांना यामुळे थोडी शिस्त लागली. प्रत मात्र पारख्याच्या बोटांवरच राहिली.

ती बोटांवरून यंत्रावर नेण्याचे काम मुंबईत सुरू झाले. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ साली माटुंग्याला तंत्र प्रयोगशाळा उभारली. डॉ. ए. जे. टर्नर तिचे पहिले संचालक होते. कृषी खात्याने एखादी सुधारित जात काढली की तिचा नमुना माटुंग्याला जाई. तिथे धाग्याची लांबी, बारीकपणा आणि ताकद मोजली जाई, आणि छोट्या प्रायोगिक गिरणीत प्रत्यक्ष सूत कातून पाहिले जाई. हीच संस्था आज केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘सिरकॉट’, या नावाने ओळखली जाते. योगायोगाने त्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शुहार्ट यांनी एका छोट्या टिपणात नियंत्रण आलेख मांडला. प्रत्येक नग तपासून खराब माल बाजूला काढण्याऐवजी मोजके नमुने घ्यायचे, आलेखावर मांडायचे आणि प्रक्रियाच बिघडते आहे का ते आधी ओळखायचे, ही त्यामागची कल्पना. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. त्यांच्या निमंत्रणावरून शुहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले. भारतीय मानक संस्थाही १९४७ चीच. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्यांनी संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण स्वीकारले, आणि त्यातून ‘क्वालिटी कंट्रोल’ हा एक स्वतंत्र पेशा तयार झाला.

माजलगावपर्यंत यातले काही पोचले नव्हते, कारण पोचवायला शिकलेली माणसेच नव्हती. संस्थानात उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेले होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यापुरते औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज हेच काय ते ठिकाण. हैदराबाद संस्थानावरच्या पोलिस कारवाईनंतर, १९४८ पासून, चित्र बदलू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले आणि १९६० साली औरंगाबादेत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. रसायनशास्त्रात बी.एस्सी. किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेला पहिला मुलगा गावात दिसला, तो या दशकांतच.

नेमक्या याच काळात राज्य सरकारने कापसाच्या खरेदीत उडी घेतली. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती चालू झाली. वर्ष भीषण दुष्काळाचे होते. शेतकऱ्याने कापूस फक्त पणन महासंघाच्या केंद्रावर द्यायचा, महासंघाचा ग्रेडर जात आणि प्रत ठरवणार, आणि त्या प्रतीचा जाहीर भाव मिळणार, अशी व्यवस्था. रुमालाखालची बोटे गेली आणि पाटीवर लिहिलेला भाव आला. हा बदल मोठा होता. पण ग्रेडरसुद्धा प्रत डोळ्यांनीच ठरवी. कचरा, कवडी, रंग, ओल पाहून एका गाडीवर ‘एफएक्यू’ म्हणजे सर्वसाधारण चांगली प्रत असा शेरा पडे, तर शेजारच्या गाडीला खालची प्रत मिळे. खरेदी केंद्रावरच्या रांगा आणि ग्रेडरशी होणारे वाद हा मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांच्या आठवणीचा भाग आहे. योजना या शतकाच्या सुरुवातीला सैल होत संपली.

कापसाच्या तपासणीत खरा फरक पडला तो उपकरणांमुळे. आता हमीभाव धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर यांवरून जातवार ठरतो. मायक्रोनेअर म्हणजे तंतूच्या बारीकपणाचे आणि पक्वतेचे माप. ठरलेल्या वजनाच्या रुईतून हवा किती सहज जाते त्यावरून ते काढतात. एचव्हीआय यंत्र एकाच नमुन्यावरून लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग आणि कचरा सांगते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्के धरलेला असतो, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कापला जातो आणि १२ च्या वर माल घेतला जात नाही. जिनिंगमध्ये १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई उतरते. हा उतारा अर्ध्या टक्क्याने हलला तरी जिनवाल्याचे गणित बदलते. हे काम शिकण्यासाठी पदवी लागतेच असे नाही. सिरकॉट आणि तिचे नागपूरचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र अल्पमुदतीचे वर्ग घेतात. मराठवाड्यातल्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या मुलाला काही दिवसांत, थोड्या फीमध्ये मिळणारे हे सर्वांत जवळचे तांत्रिक शिक्षण आहे, आणि त्याची माहिती गावापर्यंत फारच कमी पोचते.

दुसरा टप्पा धरणाचा. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पैठणला झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. प्रकल्पाचा दुसरा टप्पा म्हणजे सिंदफणेवरचे माजलगाव धरण. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात येऊन पडते. धरण मातीचे आहे, साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांब, सुमारे ३१ मीटर उंच, आणि १९८७ साली पूर्ण झालेले.

मातीचे धरण ही गुणनियंत्रणाची कठीण परीक्षा असते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटल्यानंतर महाराष्ट्रातल्या पाटबंधारे खात्याला हे कायमचे समजले. धरणाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, पाणी अडवण्यासाठी. दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच असते, भार पेलण्यासाठी. माती थराथराने टाकायची, ठरलेल्या ओलाव्यावर रोलर फिरवायचा आणि प्रत्येक थराची घनता मोजल्याशिवाय वरचा थर टाकायचा नाही. घनता मोजण्याची पद्धत अमेरिकन अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ साली दिली. प्रयोगशाळेत त्या मातीची जास्तीत जास्त घनता काढतात, मग थरातून नळकांड्याने नमुना कापून घेतात, वजन करतात, वाळवतात, पुन्हा वजन करतात. दोन आकड्यांची टक्केवारी ठरलेल्या मर्यादेखाली आली तर थर उकरून पुन्हा दाबावा लागतो. सांडव्याच्या काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे पाडून, २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली फोडतात.

हे सगळे करणारी यंत्रणा राज्यात तयार झाली होती. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, १९५९ ची. पाटबंधारे खात्यात गुणनियंत्रणाची वेगळी मंडळे आणि विभाग निर्माण झाले, म्हणजे बांधणारा आणि तपासणारा यांचे वरिष्ठ वेगळे राहतील. हा विचार शहाणपणाचा होता आणि आजही तोच बरोबर आहे. धरणावरच्या तपासणीचा मोठा भार पदविकाधारक कनिष्ठ अभियंते आणि प्रयोगशाळा सहायक यांच्यावर असे. शासकीय तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची स्थापत्य पदविका हा त्या नोकरीचा रस्ता होता. फी थोडी, आणि दहावीनंतर लगेच प्रवेश. मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत ‘डिप्लोमा’ या शब्दाला जो मान आहे, तो कालवे आणि धरणांच्या या वर्षांनी मिळवून दिला.

पाणी आले आणि त्यामागे ऊस आला. तिसरा टप्पा सुरू झाला, आणि तोच या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला.

१९७८ साली राज्याचे उपमुख्यमंत्री झालेले सुंदरराव सोळंके यांच्या पुढाकाराने माजलगाव सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तो धारूर तालुक्यातील तेलगावजवळ सुंदरनगरला आहे आणि आता सोळंके यांचेच नाव त्याला आहे. पुढे माजलगाव तालुक्यात पवारवाडी आणि सावरगाव येथेही कारखाने झाले. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याची सुरुवात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला केली होती; तिथले पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामातले. मराठवाड्यात हा उद्योग स्थिरावायला त्यानंतर बराच काळ गेला.

साखर कारखान्याची प्रयोगशाळा ही छोटी खोली असते, पण कारखान्याचा सगळा हिशेब तिच्यातून जातो. उसाचा रस आला की ब्रिक्स काढतात, म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ. मग रस निवळून दोनशे मिलिमीटरच्या नळीत भरतात आणि पोलॅरीमीटरमध्ये ठेवतात. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळते. ते किती वळले त्यावरून रसातली साखर, म्हणजे ‘पोल’, कळते. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता मिळते. चोवीस तास, तीन पाळ्यांत, दर काही तासांनी हे चालू असते. उसात आलेली साखर आणि पोत्यात गेलेली साखर यांतला फरक कुठे गेला ते बगॅस, प्रेसमड आणि मळी तपासून शोधतात; तरी जो उरतो तो अज्ञात तोटा. अज्ञात तोटा वाढला की केमिस्टला जाब विचारला जातो. शेवटी साखरेचा दाणा आणि रंग कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेने दरवर्षी काढलेल्या मानक नमुन्यांशी ताडून एस, एम असे शेरे देतात.

या आकड्यांचे मोल किती, हे उसाच्या दराच्या नियमांत दिसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने किमान दर साखर उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीशी, जोडला. दीर्घकाळ ८.५ टक्के हा पायाभूत उतारा धरला जाई. २००९ नंतर रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला आणि पाया ९.५ टक्के झाला. २०१८-१९ मध्ये १० आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्क्यांना टनाला ३,४०० रुपये दर होता आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३३ रुपये २० पैसे वाढत. उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या कारखान्याचा दर ३,१५१ रुपये. म्हणजे पाऊण टक्क्याच्या फरकाला टनामागे २४९ रुपये. एकरी चाळीस टन ऊस काढणाऱ्या शेतकऱ्याला एकरामागे सुमारे दहा हजार रुपये. हा आकडा प्रयोगशाळेतल्या वहीतून निघतो. ती वही लिहिणारा माणूस नीट शिकलेला असणे आणि निर्भीड असणे ही सभासदांची गरज आहे, आणि सहकाराच्या चर्चेत या गोष्टीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

बीड जिल्ह्याचा या उद्योगाशी दुसरा आणि अधिक जुना संबंध ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्राकडे निघते आणि उन्हाळ्यात परतते. तोडणीची मजुरी टनावर मिळते, उताऱ्याशी तिचा संबंध नाही. कोयत्याबरोबर जाणाऱ्या मुलाची शाळा मध्येच सुटते. त्याच्या दृष्टीने शिक्षणाचा पहिला खर्च फीचा नसतो. आई-बाप गावात नसताना राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा असतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली ती फार उशिरा, २०२१ साली. प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून उभे राहणारे आणि फडात कोयता चालवणारे एकाच जिल्ह्यातले असतात. त्यांच्या मधले अंतर बहुतेक वेळा वसतिगृहाच्या एका खाटेएवढे असते.

साखरेतल्या तपासणीचे शिक्षण देशात कानपूरला सुरू झाले. तिथली संस्था १९३६ ची. तिचा एएनएसआय हा पदविका दर्जाचा अभ्यासक्रम बी.एस्सी. झालेल्यांसाठी होता आणि साखर धंद्यात त्याची प्रतिष्ठा मोठी होती. पण माजलगावहून कानपूर म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, अनोळखी भाषा आणि परगावचा खर्च. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली; १९८९ मध्ये तिला वसंतदादा पाटलांचे नाव दिले गेले. या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा, म्हणजे व्हीएसआयचा, एव्हीएसआय आणि मद्यार्क तंत्राचा पदविका अभ्यासक्रम यांमुळे तोच रस्ता मराठी मुलाला जवळचा झाला. आजही कारखान्यांच्या भरतीच्या जाहिरातीत केमिस्टच्या पदासमोर ‘बी.एस्सी., एएनएसआय किंवा एव्हीएसआय’ असे लिहिलेले असते.

या साखळीतला पहिला दुवा तालुक्यातच तयार झाला. माजलगावला सिद्धेश्वर महाविद्यालय आणि सुंदरराव सोळंके महाविद्यालय उभी राहिली. घरी राहून, घरचे जेवून, अनुदानित महाविद्यालयाच्या फीत रसायनशास्त्र शिकायचे; हंगामात कारखान्यात लॅब बॉय किंवा लॅब केमिस्टच्या हाताखाली लागायचे; आणि दोन-तीन हंगामांची कमाई साठवून मांजरी गाठायची, हा क्रम परिसराला परवडणारा होता. त्याचा एक दोषही होता. साखर कारखान्याची नोकरी हंगामी. गाळप संपले की हंगामी कामगाराला पूर्ण पगार न मिळता ठरलेला रिटेन्शन भत्ता मिळतो, आणि दुष्काळी वर्षी गाळपच लवकर आटोपते. एकाच उद्योगाला बांधलेले शिक्षण घेताना हा धोका धरूनच चालावे लागे.

चौथा टप्पा तालुक्याबाहेरचा. औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि पुढे वाळूज औद्योगिक वसाहत वाढली. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान वर्कशॉपची साखळी तयार झाली. तिथे ‘क्यूसी’ हे दोन अक्षरी पद बीड जिल्ह्यातल्या असंख्य मुलांची पहिली नोकरी ठरले. काम व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गो-नो-गो गेज यांचे: भाग गेजमध्ये एका बाजूने जायला हवा, दुसऱ्या बाजूने अडायला हवा. १९८७ साली आयएसओ ९००० ही मानके आली आणि त्यानंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांकडून लेखी नोंदी मागायला सुरुवात केली. नुसता माप घेणारा पुरेना; नियंत्रण आलेख काढणारा आणि दोषाचे मूळ लिहून देणारा लागू लागला. मेकॅनिकल पदविकेतला ‘मेट्रोलॉजी अँड क्वालिटी कंट्रोल’ हा विषय तोपर्यंत मुले पास होण्यापुरता करत. वाळूजने त्याला पोटापाण्याचा विषय केले.

या मागणीच्या वेळीच शिक्षणाचा खर्च बदलला. त्याआधीची व्यवस्था सवलतींवर उभी होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जात न पाहता फीमाफी देणारी ईबीसी सवलत आली. त्या एका निर्णयाने खेड्यातली मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयात गेली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांना परवानगी दिली. जागा झपाट्याने वाढल्या, मराठवाड्यातही वाढल्या, आणि त्याबरोबर देणगीची कीड लागली. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जागांची वाटणी आणि फी यांना चौकट घातली. तरीही शासकीय तंत्रनिकेतनातली आणि विनाअनुदानित संस्थेतली पदविका यांच्या फीत मोठे अंतर पडले ते कायमचे. प्रमाणपत्र मात्र दोन्हीकडचे एकाच तंत्रशिक्षण मंडळाचे.

महाराष्ट्रात ‘गुणनियंत्रण तंत्रज्ञान’ अशा स्वतंत्र नावाचा अभ्यासक्रम क्वचितच सापडतो. तो दुसऱ्या शिक्षणाच्या पोटात असतो. माजलगावच्या विद्यार्थ्यापुढे आज जे मार्ग आहेत ते या चार टप्प्यांतूनच आले आहेत. आयटीआयमधला ‘लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लँट’ हा ट्रेड आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मिळणारे विद्यावेतन हा सर्वांत कमी खर्चाचा रस्ता. त्यात शिकतानाच चार पैसे हाती येतात. बीड आणि अंबाजोगाईची शासकीय तंत्रनिकेतने पदविकेसाठी. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्याला तिथे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि एका वर्षाचा खर्च वाचतो. परभणीला कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून आहे. गोदावरी ओलांडली की पोचता येते, फी शासकीय, आणि अन्नपदार्थांची तपासणी हा तिथल्या अभ्यासाचा मोठा भाग. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे इंडो-जर्मन टूल रूम आणि सिपेट या केंद्र सरकारच्या संस्था आहेत. सिपेटमध्ये पदवीधरांसाठी प्लास्टिक चाचणीचा भाग असलेली पदविकाही आहे. नोकरी सोडता न येणाऱ्याला १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पदवी देते, पण उपकरणावरचा हात तिथे बसत नाही. तो कामाच्या जागीच बसवावा लागतो.

या मार्गांचा खर्च जोडताना पालक फीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. अनुभव वेगळे सांगतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात निम्मी सूट मिळते, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण ही सूट शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या जागेला लागू असते. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेला प्रवेश तिच्याबाहेर राहतो. खोली, खाणावळ आणि एसटीचे भाडे या तीन गोष्टी शहरात शासकीय फीच्या कितीतरी पट होतात. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि आंबेडकर स्वाधार योजना त्यासाठीच आहेत, मात्र पैसे खात्यात वर्षाच्या शेवटी किंवा त्याही नंतर आले तर मधले महिने कुणाच्या उसनवारीवर काढायचे, हे आधी ठरवावे लागते.

संस्थेची पारखही करावी लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, मंडळाशी किंवा विद्यापीठाशी संलग्नता आहे का, हे कागद पाहायचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रयोगशाळेत जाऊन यायचे. पोलॅरीमीटर किंवा मायक्रोमीटर कपाटात बंद आहे की मुलांच्या हातात आहे, त्याच्यावर अंशांकनाची तारीख चिकटवलेली आहे का, एका उपकरणामागे किती मुले उभी असतात, ही तपासणी पालकाला कोणत्याही पदवीशिवाय करता येते. कमी फीची पण उपकरण हाती न देणारी संस्था शेवटी महाग पडते, कारण तिथून आलेल्या मुलाला वाळूजमध्ये पहिले वर्ष कमी पगारात पुन्हा शिकण्यातच घालवावे लागते.

माजलगावच्या शेतांत दरम्यान आणखी एक बदल झाला. कापसाच्या बरोबरीने सोयाबीन आले आणि बाजार समितीत ओलावा मोजणारे मॉइश्चर मीटर दिसू लागले. हमीभावाने खरेदीसाठी सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये, लांबलेल्या पावसाने माल ओला राहिल्यामुळे, केंद्र सरकारने ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के केली; तीन टक्क्यांसाठी साऱ्या राज्यात आवाज उठला होता. मीटरची सुई बरोबर आहे की नाही, नमुना पोत्याच्या वरून घेतला की मधून, एकदा मोजले की तीनदा, हे विचारू शकणारी मुले आता शेतकऱ्यांच्या घरांत आहेत. त्यातली काही तालुक्यातल्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकली आहेत, आणि काहींच्या आई-बापांनी त्यासाठी कोयता धरला आहे.